पाचच तपासण्या, म्हणून बाळ लहान?

‘मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, विसावा आठवडा चालू आहे. पहिला मुलगा पस्तिसाव्या आठवड्यात झाला. रात्री झोपेतच पाणी गेलं आणि सकाळी डिलिव्हरी झाली. वजन २ किलो १०० ग्रॅम. आठवडाभर त्याला काचेत ठेवलं होतं. आता तो तीन वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो. पण त्याच्या वजनाचा विषय अजून निघतो. माझ्या पाचच तपासण्या झाल्या होत्या. जाऊबाईंच्या नऊ झाल्या आणि त्यांची मुलगी ३ किलो २०० ग्रॅमची झाली. “नियमित गेली असतीस तर बाळ भरलं असतं,” हे इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही तेच वाटायला लागलंय. म्हणून या वेळी दर आठवड्याला तपासायला जावं असं मनात आहे. त्याने बाळाचं वजन वाढेल ना? परवाच्या सोनोग्राफीत ३०० ग्रॅम आलं, ते कमी आहे का? हिमोग्लोबिन १०.४ आहे. सासूबाईंनी प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणलाय आणि जास्तीत जास्त वेळ पडून राहायला सांगितलंय. नवरा सिगारेट ओढतो, पण गॅलरीत जाऊन.’

तुमचं पत्र वाचून झाल्यावर त्याच कागदाच्या मागे मी आठ आकडे लिहिले : १२, २०, २६, ३०, ३४, ३६, ३८, ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणातल्या तपासण्यांचं जे वेळापत्रक सांगितलं, त्यातले हे आठवडे. पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत आणि शेवटची चाळिसाव्या आठवड्यात. आता यातले पस्तिसाच्या अलीकडचे आकडे बोटांवर मोजा. पाच भरतात. तुमच्याही पाचच झाल्या होत्या. सहावीचा दिवस उजाडायच्या आत मुलगा हातात आला. तुम्ही एकही तपासणी चुकवलेली नाही.

जाऊबाईंचे दिवस पूर्ण भरले असणार. त्यांच्या शेवटच्या तीन-चार तपासण्या ज्या आठवड्यांत झाल्या, त्याच आठवड्यांत त्यांच्या मुलीच्या अंगावर किलोभर वजन चढलं. तपासण्याही वाढल्या आणि वजनही वाढलं, कारण दोन्हींना वेळ मिळाला. तुमच्याकडे तो वेळच मिळाला नाही. बाळ लवकर आलं म्हणून तपासण्या कमी भरल्या. घरच्यांनी हिशेब उलट्या बाजूने मांडला.

त्यांना फार दोष देऊ नका, हा उलटा हिशेब मीही केलाय. शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. फाइलच्या पहिल्या पानावर तपासण्यांचे रकाने आखलेले असायचे. बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या एका बाईला मी ते रिकामे रकाने दाखवून सुनावलं, की इतक्या वेळा का नाही आलात. ती काही बोलली नाही. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने फाइल माझ्या हातातून काढून घेतली आणि रिकाम्या रकान्यांवर छापलेल्या आठवड्यांवर बोट ठेवलं. ३४, ३६, ३८. बाईंच्या वाट्याला ते आठवडे आलेच नव्हते. मी माफी मागितली की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नसावी.

गंमत म्हणजे मोठमोठे अभ्यासकही वर्षानुवर्षं याच खड्ड्यात पाय घालत होते. ज्यांच्या तपासण्या जास्त त्यांची बाळं वजनदार, हे आकड्यांत स्पष्ट दिसायचं आणि त्यावरून तपासण्या वाढवा म्हणजे वजन वाढेल असा निष्कर्ष निघायचा. शेवटी गरोदरपण किती आठवडे टिकलं ते धरून, तेवढ्या आठवड्यांत किती भेटी व्हायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती झाल्या, असा हिशेब करण्याची पद्धत आली. मिल्टन कोटेलचक यांनी १९९४ मध्ये मांडलेला निर्देशांक असाच आहे. त्यातूनही एक तिढा उरतोच. ज्या बाईचं बीपी वाढलंय किंवा पोटात जुळं आहे, तिला डॉक्टर जास्त वेळा बोलावतात आणि तिचंच बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे नुसते आकडे बघितले तर जास्त तपासण्यांनी वजन घटतं असंही सिद्ध करता येईल!

अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. १९८५ साली तिथल्या एका प्रतिष्ठित संस्थेच्या अहवालात असा अंदाज होता, की गरीब आणि कमी शिकलेल्या बायकांच्या गरोदरपणातल्या तपासणीवर एक डॉलर खर्च केला तर कमी वजनाच्या बाळांच्या उपचारांवरचे ३.३८ डॉलर वाचतील. तपासणीचा प्रसार खरोखरच वाढला. पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी सुरू करणाऱ्या बायका १९९० साली सुमारे ७६ टक्के होत्या, २००० साली ८३ टक्के झाल्या. त्याच दहा वर्षांत कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण मात्र ७.० वरून ७.६ टक्क्यांवर गेलं. जुळी-तिळी वाढली हे त्याचं एक कारण. संकटात सापडलेलं बाळ वेळेआधी बाहेर काढून वाचवण्याचं कौशल्य वाढलं, हे दुसरं. या दुसऱ्या कारणाकडे मी पुन्हा येणार आहे.

मग तपासणीने वजनावर काही फरक पडतो की नाही? पडतो. पण भेटीने नव्हे, भेटीत जे सापडतं आणि त्यावर जे केलं जातं त्याने. खुर्चीवर बसून नंबर लागेपर्यंत मासिक चाळलं आणि बीपी न घेताच ‘सगळं छान आहे’ ऐकून परत आलं, तर अशा वीस फेऱ्यांनीही बाळावर पाच ग्रॅम चढणार नाहीत. आर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंड या देशांत सुमारे साडेचोवीस हजार बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. एका गटात भेटी कमी केल्या, पण प्रत्येक भेटीत काय करायचं ते पक्कं ठरवून दिलं. दुसऱ्या गटात नेहमीसारख्या जास्त भेटी. कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच निघालं, एकीकडे ७.७ टक्के, दुसरीकडे ७.१. पुढे तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा कमी भेटींच्या गटात पोटातच दगावलेल्या बाळांचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं दिसलं, आणि २०१६ मध्ये चाराच्या जागी आठ भेटी आल्या त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे आठ भेटी आल्या त्या वजनासाठी नव्हे, जिवासाठी. त्यामुळे दर आठवड्याला जायचा तुमचा बेत मी मोडून काढते. डॉक्टरांनी बोलावलं तर जरूर जा. भीती घालवायला म्हणून नको.

आता तुमच्या मुलाचे २ किलो १०० ग्रॅम. बाळ कमी वजनाचं होण्याच्या वाटा दोन. एक तर ते लवकर येतं, नाहीतर पोटातली त्याची वाढ मागे पडते. कधी दोन्ही एकदम. ३७ आठवडे भरायच्या आधी आलेलं ते अपुऱ्या दिवसांचं, आणि २५०० ग्रॅमच्या खाली भरलेलं ते कमी वजनाचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे डॉक्टरांच्याही डोक्यात नीट शिरायला वेळ लागला. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्पो यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला २५०० ग्रॅमची रेघ ओढली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या खालचं प्रत्येक बाळ ‘अपुऱ्या दिवसांचं’ म्हणूनच नोंदलं जायचं. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की वजनाला वजन म्हणा आणि दिवसांना दिवस. तुमच्या घरात ही फोड अजून व्हायची आहे.

विसाव्या आठवड्यात बाळ साधारण ३०० ग्रॅमचं असतं. अठ्ठाविसाव्यात किलोच्या थोडं वर. तिथून पुढे ते झपाट्याने भरतं, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला सरासरी २०० ग्रॅम. पस्तिसाव्या आठवड्यात बरीचशी बाळं सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास असतात आणि २१०० ग्रॅम हे त्या आठवड्याच्या नेहमीच्या पट्ट्यात बसतं. तुमच्या मुलाची वाढ खुंटलेली नव्हती. तो त्याच्या आठवड्यांच्या मानाने ठीकठाक होता, फक्त पाच आठवडे आधी आला. पाच गुणिले दोनशे करून बघा, तो जाऊबाईंच्या मुलीच्या जवळपास जाऊन बसतो.

याचा दुसरा अर्थ असा, की या वेळी तुमच्या काळजीचा रोख ‘बाळ भरेल का’ यापेक्षा ‘बाळ थांबेल का’ याकडे हवा. त्यावर शेवटी बोलते, कारण त्यात थोडी घाई आहे.

आधी परवाचे ३०० ग्रॅम. ते कमी नाहीत. सोनोग्राफीत बाळाला तराजूत घालत नाहीत. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी चार मापं घेतात आणि सूत्रातून वजनाचा अंदाज काढतात. अंदाज दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. तीनशेचे खरे दोनशे साठ असतील किंवा तीनशे चाळीस, दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. या चार मापांत माझी नजर आधी जाते ती पोटाच्या घेरावर. बाळाला पुरवठा कमी पडू लागला की ते मेंदूकडचा रक्तप्रवाह शक्य तितका टिकवतं आणि यकृतात साठवून ठेवलेली साखर खर्च करतं. यकृत बारीक होतं, पोटाचा घेर मागे पडतो, डोकं मात्र पुढे जात राहतं. असा डोक्यात आणि पोटात फरक पडायला लागला की वारेचं, म्हणजे बाळाला आईकडून पुरवठा करणाऱ्या अवयवाचं, काम नीट चालत नसल्याची शंका घ्यायची. मग डॉप्लर करून नाळेतून रक्त कसं वाहतंय ते बघतात. ठोक्या-ठोक्यांच्या मधल्या क्षणीही रक्त पुढेच सरकत राहिलं पाहिजे. ते मधेच थांबत असेल किंवा मागे फिरत असेल तर वार थकली आहे.

पण प्रत्येक भेटीत सोनोग्राफी लागत नाही. तिथे एक साधी टेप काम करते, आणि ती कशी लावतात याकडे पुढच्या वेळी जरा लक्ष द्या. तुम्ही लघवीला जाऊन आल्यावर उताण्या झोपायचं. सिस्टर तळहाताच्या कडेने वरून खाली चाचपत गर्भाशयाचा माथा शोधतात, तिथे टेपचं टोक धरतात आणि ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत ती पोटावरून सरळ आणतात. चांगली सिस्टर टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवते. कोरी बाजू वर. माप चिमटीत पकडून झालं की मगच उलटून वाचते. कारण आकडा समोर दिसत असला की हात नकळत ‘असायला हव्या’ त्या आकड्याकडे सरकतो. चोविसाव्या आठवड्यानंतर हे सेंटिमीटर आणि आठवडे बरोबरीने चालतात, दोनाचा फरक चालतो. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. प्रत्येक वेळी आलेखावर एक ठिपका पडतो आणि ठिपके जोडून जी रेघ होते ती बघायची. बाळ पहिल्यापासून बारीक असेल पण रेघ आपल्या गतीने चढत असेल, तर ते बहुधा मुळातच लहान चणीचं. आई-बापाची उंची, पहिलंच बाळ आहे का, मुलगा की मुलगी, या सगळ्याने शे-दीडशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. रेघ चढता चढता आडवी झाली तर मात्र त्याच दिवशी पुढची तपासणी. एकच माणूस दर वेळी माप घेत असेल तर उत्तम.

तर मग वजनावर खरा फरक कशाने पडतो? तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी पडतो, दोन गोष्टींनी नाही.

हिमोग्लोबिनने पडतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्याने वाढतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. ते शरीराने मुद्दाम पातळ केलेलं रक्त आहे, वारेतून सहज वाहावं म्हणून. पण दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली आलं तर तो रक्तक्षय, आणि तुम्ही त्या रेघेच्या जरा खाली आहात. सगळ्याच गरोदर बायकांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सांगितलेलं आहे, तुम्हाला कदाचित लोहाचा डोस वाढवून मिळेल. किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, त्याने दचकू नका. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून निम्म्या बायका त्या गुपचूप बंद करतात आणि तपासणीला आल्यावर ‘घेते’ म्हणून सांगतात. तसं करू नका, गोळी बदलून मागा. मी आजवर कुणाला त्यावरून ओरडलेले नाही. रकान्यांवरून ओरडले, तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट सिगारेट. आईच्या सिगारेटचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध १९५७ सालापासून माहीत आहे. ओढणाऱ्या आयांची बाळं सरासरी २०० ग्रॅमने हलकी भरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा पटकावून बसतो, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच सोडली तर हा फरक जवळजवळ पुसला जातो, आणि उशिरा सोडल्यानेही फायदा होतोच. तंबाखू धुराची असो की तोंडात धरायची, निकोटिन तेच. तुम्ही ओढत नाही, पण दुसऱ्याच्या धुरानेही सरासरी तीस-चाळीस ग्रॅम कमी होतात. गॅलरी घरापेक्षा बरी. पण दार उघडं असतं, धूर आत येतो. तुमच्या नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या आणि सांगा, की या बाळंतपणात एकट्या त्यांच्या हातात असलेले ग्रॅम हेच आहेत.

प्रोटीन पावडर बंद. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण प्रथिनं ठासून भरलेली पूरक पेयं गरोदर बायकांना देऊन बघण्याचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला, त्याचा अहवाल १९८० साली आला. वजन वाढेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच, त्या गटात फार लवकर झालेल्या बाळंतपणांची आणि त्यामुळे दगावलेल्या बाळांची संख्या जास्त निघाली. अशी जास्त प्रथिनांची पूरकं देऊ नयेत असं आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्यांना मुळात पुरेसं खायला मिळत नाही, अशा आयांना समतोल पूरक अन्न दिलं तर मात्र फरक पडतो आणि चांगला पडतो. गांबियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं, आणि धान्य संपत आलेल्या उपासमारीच्या महिन्यांत २०१ ग्रॅमने. उपाशी पोटाला घास मिळाला की तो बाळापर्यंत पोचतो. भरल्या पोटावर पावडर ओतून तसं होत नाही. आईचं शरीर बाळासाठी किती राखून ठेवतं हे बघायचं असेल तर १९४४-४५ च्या हिवाळ्यातला हॉलंडचा दुष्काळ बघा. माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला होता, आणि शेवटचे तीन महिने त्यात सापडलेल्या आयांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमने हलकी झाली. एवढ्या उपासमारीत तीनशेच ग्रॅम!

तुम्ही नेहमीचं चौरस जेवण घ्या. दोन जिवांचं म्हणून दुप्पट नको. या तिमाहीत रोज साधारण ३४० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे एक बऱ्यापैकी मोठा नाश्ता. तुमचं मूळचं वजन उंचीच्या मानाने ठीक असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणं योग्य. तुमच्या वजनाची नोंद दर भेटीत होते ना, तेवढं बघा.

पडून राहण्याचाही उपयोग नाही. पूर्वी आम्ही सर्रास सांगायचो, बाळ वाढेल आणि थांबेलही म्हणून. दोन्हींपैकी काही होतं असं दिसलं नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू सैल पडतात, आणि दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईच्या डोक्यात काय काय येतं ते वेगळंच. डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितलं नसेल तर चाला, फिरा, कामं करा. दमलात की बसा.

बीपी आणि लघवीबद्दल थोडक्यात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० ला टेकलं तर ते वारेलाही भोवतं, म्हणून दर भेटीत ते मोजलंच पाहिजे. नाही मोजलं तर ‘माझं बीपी राहिलं’ असं सांगून परत खुर्चीवर बसा, संकोच करू नका. लघवीत काहीही त्रास न होता जंतू असू शकतात आणि त्यांचा लवकर येणाऱ्या कळांशी संबंध असतो. लघवीचं कल्चर अजून झालं नसेल तर या वेळी मागा. तुमचं पहिलं बाळंतपण आपोआप पाणी जाऊन झालंय, म्हणून तुम्हाला हे जरा जास्तच लागू आहे.

आता अमेरिकेच्या आकड्यांपाशी बाकी ठेवलेलं ते दुसरं कारण, बाळ वेळेआधी बाहेर काढून वाचवण्याचं. समजा पुढे चौतिसाव्या आठवड्यात रेघ आडवी झाली, डॉप्लर बिघडलं आणि डॉक्टर म्हणाल्या की बाळ बाहेर काढू. पोटातल्या बाळाला वजनदार करणारं औषध अजून कुणाकडे नाही. वार थकली की प्रश्न एवढाच उरतो, आत ठेवण्यात धोका जास्त की बाहेर काढण्यात. एका बाईवर चांगली देखरेख असेल तर तिचं असं बाळ १७००-१८०० ग्रॅमचं जिवंत हाती येतं. दुसरीवर देखरेख नसेल तर कदाचित दोन आठवड्यांनी हालचाल थांबल्याचंच कळेल. पहिल्या बाईच्या कागदावर ‘कमी वजन’ असं लिहिलं जातं, आणि तिथे तपासणीने आपलं काम चोख केलेलं असतं. लवकर होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये दाखवून दिलं, की त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. वजन एका ग्रॅमनेही वाढत नाही, पण श्वास चालतो. तुमच्या घरी वजनाच्या आकड्यावरून कुणी निकाल लावायला बसलं, तर त्यांना ही दोन बायांची गोष्ट सांगा.

राहिली ती घाईची गोष्ट. एकदा आपोआप लवकर बाळंत झालेल्या बाईला पुन्हा तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आधीच अंदाज घ्यायचा असेल तर योनीमार्गाने सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरच्या खाली असेल तर प्रोजेस्टेरॉन देता येतं, कधी टाका घालता येतो, आणि त्याने काही बायकांचे दिवस खरोखर लांबतात. जे पाच आठवडे गेल्या वेळी हातचे गेले, ते मिळवायचा आज आपल्याकडे असलेला सगळ्यात सरळ मार्ग हाच. हे माप साधारण सोळा ते चोवीस आठवड्यांच्या मधेच घेतात. परवाच्या सोनोग्राफीत ते घेतलं होतं का, रिपोर्टमध्ये बघा. नसेल तर सव्विसाव्या आठवड्याच्या भेटीची वाट बघू नका, उद्याच फोन करून वेळ घ्या. जाताना मुलाचं डिस्चार्ज कार्ड शोधून बरोबर न्या. त्यावर वजनाच्या शेजारी किती आठवडे भरले होते ते लिहिलेलं असेल, डॉक्टरांना तो आकडा आधी दाखवा. आणि दिवस भरायच्या आत कधीही पाणी गेलं, पाणचट स्राव वाढला, कंबर लाटेसारखी भरून येऊ लागली किंवा रक्त दिसलं, तर रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, लगेच निघा.